शाळा कोणाच्या हातात? बाल्टिमोरच्या सेंट फ्रान्सिस अकॅडमीचा इतिहास आणि आपण

मुलींच्या कॉन्व्हेंट शाळांचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले वाक्य असे, "मिशनऱ्यांनी शाळा काढल्या म्हणून आपण शिकलो." दुसरे वाक्य असे, "त्यांना शिकवायचे नव्हतेच, बाटवायचे होते." पहिले वाक्य कृतज्ञतेचे आहे. दुसरे संशयाचे आहे, आणि बहुतेक वेळा ते अशा लोकांकडून येते ज्यांच्या पूर्वजांनी आपल्या पूर्वजांना शाळेच्या दारातही उभे राहू दिले नाही.

वस्त्यांमध्ये काम करताना ही दोन्ही वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांच्यातले साम्य आता स्पष्ट दिसते. दोन्ही वाक्यांत देणारा एक आहे आणि घेणारा दुसरा आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट, एवढाच काय तो वाद. शिकणारा समाज मात्र दोन्हीकडे हात पसरून बसलेला. त्याच समाजातल्या बायकांनी स्वतः शाळा काढली, स्वतःच्या पैशाने काढली, स्वतःच्या अंगमेहनतीने टिकवली, ही तिसरी शक्यता आपल्या डोक्यात येतच नाही. येत नाही, कारण तसा इतिहास आपल्याला कोणी सांगत नाही.

म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या एका कॅथलिक मुलींच्या शाळेचा इतिहास मांडत आहोत. मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात ही शाळा १८२८ साली सुरू झाली आणि आजही चालू आहे. नाव सेंट फ्रान्सिस अकॅडमी. ती सुरू झाली तेव्हा त्या राज्यात गुलामगिरी कायदेशीर होती. आणि शाळा काढणाऱ्या बायका कृष्णवर्णीय होत्या.

एकच धर्म, दोन शाळा

आधी एका दुसऱ्या शाळेबद्दल सांगितले पाहिजे, कारण तुलना केल्याशिवाय मुद्दा कळत नाही.

बाल्टिमोरपासून साधारण साठ किलोमीटरवर वॉशिंग्टनचा जॉर्जटाउन हा भाग आहे. तिथे १७९९ साली कॅथलिक मुलींची एक शाळा निघाली. तिचे आजचे नाव जॉर्जटाउन व्हिजिटेशन. प्रतिष्ठित घरांतल्या मुली तिथे शिकत. ती चालवणाऱ्या नन्सच्या मालकीची माणसे होती. होय, माणसे. या शाळेने अलीकडच्या वर्षांत स्वतःचीच जुनी दप्तरे उघडून शोध घेतला, तेव्हा १८०० ते १८६२ या काळात किमान १०७ स्त्री-पुरुष-मुले या मठाच्या मालकीची असल्याचे निघाले. कर्ज फेडायला आणि इमारती बांधायला पैसा हवा झाला तेव्हा त्यांतली काही माणसे विकली गेली.

शेजारच्याच जॉर्जटाउन कॉलेजची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. ते चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी १८३८ साली २७२ गुलामांना लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकले आणि त्या पैशाचा काही भाग कॉलेजचे कर्ज फेडायला वापरला. अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप जॉन कॅरल हे स्वतः गुलामांचे मालक होते. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल देणारे सरन्यायाधीश रॉजर टेनी हे मेरीलँडचेच, आणि कॅथलिकच.

म्हणजे एकच धर्म, एकच बायबल, एकच पोप. साठ किलोमीटरच्या अंतरात एक शाळा माणसे विकून उभी राहते आणि दुसरी शाळा ज्यांना विकले जात होते त्यांच्या मुलींसाठी उघडते. मग फरक कशाने पडला? धर्माने नाही, कारण धर्म दोन्हीकडे तोच होता. शाळा कोणाच्या हातात आहे, याने फरक पडला. या लेखाचा मुद्दा हाच आहे.

निर्वासित बायकांची शाळा

१७९१ साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी बंड केले. त्यातून १८०४ साली हैती हा स्वतंत्र देश जन्माला आला. त्या धामधुमीत हजारो लोक बेटे सोडून निघाले, काही थेट अमेरिकेत आले, काही क्युबामार्गे. बाल्टिमोरच्या बंदरात गोरे मळेवाले उतरले तसे फ्रेंच बोलणारे स्वतंत्र कृष्णवर्णीयही उतरले. एलिझाबेथ क्लॅरिस लँग ही त्यांपैकीच एक. ती क्युबातून आली असे मानले जाते. तिला शिकायला मिळाले होते आणि जवळ थोडाफार पैसाही होता.

१८३० च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये जवळपास पंधरा हजार स्वतंत्र कृष्णवर्णीय राहत होते, आणि गुलाम सुमारे चार हजार. पण या स्वातंत्र्याचा अर्थ काय होता? गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्ष देता येत नव्हती. शहराच्या सार्वजनिक शाळा १८२९ साली सुरू झाल्या, त्या फक्त गोऱ्या मुलांसाठी. गंमत अशी की या शाळांसाठीचा कर कृष्णवर्णीयांकडूनही वसूल होई. कर द्यायचा आपण आणि शिकायचे दुसऱ्याच्या पोरांनी! शहराने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची जबाबदारी घेतली ती १८६७ साली, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी.

याच शहरात, याच काळात, फ्रेडरिक डग्लस नावाचा एक गुलाम मुलगा होता. मालकीण त्याला अक्षरे शिकवू लागली तेव्हा मालकाने तिला थांबवले. शिकला तर गुलाम राहणार नाही, हे मालकाला नीट कळत होते. पुढे हाच मुलगा पळून गेला आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचा मोठा नेता झाला. अक्षरांची भीती अमेरिकेतल्या मालकाला होती तशीच मनुस्मृती मानणाऱ्यांनाही होती. शोषक कुठलाही असो, शोषिताच्या हातातल्या पाटीला तो घाबरतो.

अशा शहरात एलिझाबेथ लँग आणि तिची मैत्रीण मारी बालास या दोघींनी आपल्या घरातच निर्वासितांच्या मुलांसाठी शाळा चालवली. ती साधारण दहा वर्षे चालली. मग पैसा संपला. त्याच सुमारास जेम्स जुबेर नावाचा एक फ्रेंच पाद्री कृष्णवर्णीय मुलांना धर्माचे पाठ शिकवत होता. तोही सेंट डोमिंगमधून पळून आलेला. मुलांना वाचताच येत नाही, त्यामुळे पाठ डोक्यात राहत नाहीत, ही त्याची अडचण होती. शाळा हवी म्हणून तो शिक्षिका शोधत होता. शिक्षिका आधीपासूनच होत्या.

हा तपशील आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो. प्रस्थापित इतिहासात बहुतेक वेळा असे लिहिले जाते की अमुक पाद्र्याने कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली. पण पाद्री येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या बायका शिकवत होत्या. पाद्र्याने चर्चची परवानगी आणि आधार मिळवून दिला. त्याचे ते श्रेय आहेच आणि ते द्यावे. पण शाळेची कल्पना, शिकवण्याचा अनुभव आणि सुरुवातीची झळ या बायकांची होती. चळवळीत बायकांनी काम करायचे आणि पाटीवर नाव पुरुषाचे लागायचे, हे आपल्याकडेही कमी झालेले नाही.

जून १८२८ मध्ये भाड्याच्या घरात शाळा सुरू झाली. ११ मुली राहायला होत्या आणि ९ मुली रोज घरून येत. एकूण २०.

काय शिकवायचे?

धर्मशिक्षण, इंग्रजी, फ्रेंच, हिशेब, लेखन, शिवण, भरतकाम, कपडे धुणे आणि इस्त्री, असा सुरुवातीचा अभ्यासक्रम होता. शाळेच्या पहिल्या उद्दिष्टात असेही म्हटले होते की या मुली पुढे एक तर कुटुंबाच्या आया होतील किंवा चांगल्या घरांत कामाला लागतील, आणि शाळेतले संस्कार तिथे उपयोगी पडतील.

हे वाचून आज आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. मुलीला शिकवायचे, पण शेवटी कोणाच्या तरी घरी राबायलाच! समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही शाळा व्यवस्थेने ठरवून दिलेली जागाच मुलींना पुन्हा देत होती. पण त्याच वेळापत्रकात फ्रेंच होते, हिशेब होता, लेखन होते. ज्या मुलीला हिशेब येतो तिची मजुरी बुडवणे अवघड असते. जिला लिहिता येते ती पत्र लिहू शकते, अर्ज लिहू शकते आणि दुसऱ्यालाही शिकवू शकते. गोऱ्या समाजाला खपेल अशी भाषा उद्दिष्टात ठेवून आत वर्गात त्यापेक्षा जास्त शिकवले जात होते, असेच अभ्यासक्रमाकडे पाहून आम्हाला दिसते. या शाळेत शिकलेल्या मुलींपैकी काही जणी पुढे स्वतः शिक्षिका झाल्या. शाळेचे खरे यश तिथे मोजले पाहिजे.

झगा घालण्याचा हक्क

२ जुलै १८२९ रोजी चार कृष्णवर्णीय स्त्रियांनी नन म्हणून व्रत घेतले. एलिझाबेथ लँग, मारी बालास, रोझीन बोएग आणि अल्मेद दुशमँ. त्यांच्या संघाचे नाव ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचा अमेरिकेत टिकलेला हा पहिला कॅथलिक संघ. एलिझाबेथ आता मदर मेरी लँग झाली. ऑक्टोबर १८३१ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी संघाला मान्यता दिली. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर याच्या नेतृत्वाखाली गुलामांचे बंड झाले होते आणि मेरीलँडमध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयांवर नवी बंधने लादली जात होती. राज्य एकीकडे दाबत होते आणि या बायका दुसरीकडे संस्था बांधत होत्या.

अनेक गोऱ्या कॅथलिकांना त्यांचा नन्सचा पोशाखच सहन होत नव्हता. काळ्या बाईने पवित्र झगा घालायचा म्हणजे काय! वाचकहो, हे वाक्य आपल्याला ओळखीचे वाटते ना? आपल्या आजोबांनी पायात चप्पल घालून गावातून चालले की, नवरदेव घोड्यावर बसला की, आपल्या बायकांनी ठेवणीतले लुगडे नेसले की, गावाचे डोळे असेच लाल होत. कापडाचा प्रश्न कधीच कापडाचा नसतो. तो दर्जाचा असतो.

१८३५ साली एका सेमिनरीने, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाने, या नन्सना घरकाम आणि आजाऱ्यांची देखभाल सांभाळायला बोलावले. मदर लँगने लेखी अटी घातल्या. आपण कृष्णवर्णीय आहोत आणि त्याच वेळी नन आहोत, या दोन्ही गोष्टी सांभाळणे किती कठीण आहे हे तिने त्या पत्रात मांडले. उद्धट दिसायचे नाही, पण आपल्या व्रताला जो मान मिळायला हवा तोही सोडायचा नाही, अशी तिची भूमिका होती. पत्राची भाषा नम्र आहे, पण त्यातल्या अटी ठाम आहेत. काम करू, पण नोकर म्हणून नाही, नन म्हणून. गुलामगिरीच्या राज्यात एक कृष्णवर्णीय बाई गोऱ्या पाद्र्यांना अटी घालते, ही गोष्ट लहान नाही.

त्याआधी १८३२ साली शहरात कॉलऱ्याची साथ आली होती. गरिबांच्या आश्रयगृहात रोग्यांची सेवा करायला या नन्स गेल्या. सिस्टर अँथनी यांनी आधी आर्चबिशपची आणि मग त्यांच्या घरकाम पाहणाऱ्या बाईची शुश्रूषा केली. त्यातच त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीमाईंना मृत्यू आला, हे आठवल्याशिवाय इथे पुढे जाता येत नाही.

कपडे धुऊन टिकवलेली शाळा

नोव्हेंबर १८४३ मध्ये जुबेर वारले. त्यानंतरची काही वर्षे या शाळेची खरी परीक्षा होती. ज्या पाद्र्यांच्या संघातले जुबेर होते त्यांनी पुढची जबाबदारी घेतली नाही. आर्चबिशप एकलस्टन यांना कृष्णवर्णीय नन्सची गरजच वाटत नव्हती. त्यांनी संघ मोडावा आणि घरकामाला लागावे असे त्यांचे मत होते, असे संघाच्या इतिहासात सांगितले जाते. विद्यार्थिनी घटल्या. पैसा आटला. काही जणी सोडून गेल्या.

उरलेल्या नन्सनी काय केले? लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केली, शिवण-रफूची कामे घेतली. त्या मजुरीवर शाळा चालू ठेवली. त्यांच्याच हातांनी बंद करायला सांगितलेली शाळा त्यांनी त्याच हातांनी जगवली. १८४७ साली थॅडियस अनव्हान्डर हा तरुण पाद्री संचालक म्हणून आला आणि शाळा पुन्हा उभी राहू लागली. १८५२ साली मुलांसाठीही वर्ग निघाले.

इथे क्षणभर थांबून विचार करायला हवा. जी शाळा केवळ दानावर चालते ती दाता गेल्यावर बंद पडते. ही शाळा दाता गेल्यावरही चालली, कारण ती चालवणाऱ्यांना दुसरीकडे परत जायला जागाच नव्हती. गोऱ्या नन्ससाठी कृष्णवर्णीय मुलींची शाळा हे अनेक कामांपैकी एक काम असते. या नन्ससाठी ती त्यांच्या स्वतःच्या माणूसपणाची लढाई होती.

आडनाव लपवलेली संस्थापिका

पहिल्या चौघींपैकी अल्मेद दुशमँ, म्हणजेच सिस्टर तेरेसा मॅक्सिस, हिची गोष्ट आपल्या पोटात कालवाकालव करणारी आहे. वर उल्लेख केलेल्या सिस्टर अँथनी या तिच्या आई. वडील गोरे इंग्रज. तेरेसाचा वर्ण इतका उजळ होता की ती गोरी म्हणून सहज खपत असे. १८४५ साली, बाल्टिमोरची शाळा डबघाईला आलेली असताना, ती मिशिगनमधल्या मन्रो या गावी गेली आणि तिथे तिने नन्सचा एक नवा संघ उभारला. त्याचे नाव इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी. या संघाने पुढे मुलींच्या अनेक शाळा आणि कॉलेजे चालवली.

तेरेसाला तिथे कृष्णवर्णीय म्हणून जगता आले नाही. १८५९ साली डेट्रॉइटच्या बिशपशी मतभेद झाले तेव्हा तिला मिशिगनबाहेर काढण्यात आले आणि तिच्या वंशावरून तिच्याबद्दल हीन लिहिले गेले. पुढे ती कितीतरी वर्षे कॅनडात दुसऱ्या संघाच्या आश्रयाला राहिली. आपल्या बहिणींकडे परत यायची परवानगी मिळाली तेव्हा ती म्हातारी झाली होती. १८९२ साली ती वारली. त्यानंतर दशकानुदशके तिचा वंश संघाच्या इतिहासात दाबून ठेवला गेला. आपली संस्थापिका कृष्णवर्णीय होती, हे गोऱ्या मुलींच्या पालकांना कळले तर काय, ही भीती!

आपल्यात किती तेरेसा आहेत याचा हिशेब करावा. आडनाव बदललेले, घरातला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेलेला, ऑफिसात चौदा एप्रिलची रजा वेगळ्या कारणाने मागणारे. आम्ही त्यांना दोष देत नाही. जी व्यवस्था माणसाला स्वतःची आई लपवायला लावते, दोष तिचा आहे. पण तेरेसाचा इतिहास सांगतो की लपवून मिळालेली जागा कायम दुसऱ्याच्या मर्जीवर असते. मर्जी फिरली की तीच ओळख शिवी म्हणून परत येते. उलट बाल्टिमोरमध्ये राहिलेल्या बहिणी गरीब राहिल्या, अपमान सोसत राहिल्या, पण त्यांच्या शाळेतल्या मुलीला आपली शिक्षिका कोण आहे हे समोर दिसत होते. वर्गात समोर उभी असलेली बाई आपल्यासारखी आहे, हे पाहणे हेसुद्धा एक शिक्षण असते.

चेस स्ट्रीटवरून आजपर्यंत

मेरीलँडमधली गुलामगिरी १ नोव्हेंबर १८६४ रोजी राज्याच्या नव्या घटनेने संपली. वॉशिंग्टनमध्ये ती १८६२ साली कायद्याने संपली होती, आणि तिथे सरकारने भरपाई दिली ती मालकांना! पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांच्या मजुरीचा हिशेब कोणी केला नाही. यादवी युद्धानंतर या नन्सनी अनाथ मुलींना आसरा दिला. १८७१ साली शाळा ईस्ट चेस स्ट्रीटवरच्या नव्या इमारतीत गेली. आजही ती तिथेच आहे, शहराच्या तुरुंगाच्या अगदी लगत. एका बाजूला तुरुंग, दुसऱ्या बाजूला शाळा. कृष्णवर्णीय तरुणांसमोर अमेरिकेने कोणते दोन रस्ते ठेवले आहेत, हे समजायला ती एक गल्ली पुरेशी आहे.

मदर मेरी लँग ३ फेब्रुवारी १८८२ रोजी वारल्या. योगायोग असा की त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन विचारले की रयतेच्या कष्टातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर का उधळता? बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय करदात्याचा प्रश्न आणि पुण्याच्या जोतीरावांचा प्रश्न एकच होता. त्यासाठी त्यांना एकमेकांना भेटायची गरज नव्हती.

गुलामगिरी संपली तरी चर्चमधला भेद संपला नाही. गोऱ्या नन्सच्या बहुतेक संघांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश दिला नाही. नन व्हायची इच्छा असलेल्या मुलीला बाल्टिमोरच्या किंवा न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय संघाकडे पाठवून दिले जाई. १९६८ साली कृष्णवर्णीय नन्सनी आपली स्वतंत्र राष्ट्रीय परिषद स्थापन केली आणि चर्चमधल्या वंशभेदाबद्दल उघड बोलायला सुरुवात केली. सेंट फ्रान्सिस अकॅडमी मुलींचे हायस्कूल म्हणून चालत राहिली आणि १९७४ पासून तिथे मुलेही शिकू लागली. २०२३ साली पोप फ्रान्सिस यांनी मदर लँग यांना 'व्हेनरेबल' ही पदवी दिली, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी.

ज्या चर्चच्या आर्चबिशपला या बायका मोलकरणी म्हणून बऱ्या वाटत होत्या, तेच चर्च आज त्यांची प्रतिमा मिरवते. आधी नाकारायचे आणि नंतर गिळंकृत करायचे, ही व्यवस्थेची जुनी रीत. बुद्धाला अवतार करणारे आपल्याला माहीत आहेत.

या इतिहासाचे आपण काय करायचे?

हा इतिहास आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. अहमदनगरची मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना प्रेरणा मिळाली होती. या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या, अमेरिकेच्या प्रोटेस्टंट मिशनतर्फे. म्हणजे ज्या काळात अमेरिकेतून आलेली एक गोरी शिक्षिका आपल्याकडे मुलींना शिकवू लागली, त्याच काळात खुद्द अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलींना शिकवायला त्यांच्याच समाजातल्या बायकांना उभे राहावे लागले. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतले साम्य मांडले होते. हा धागा आपणच पुढे न्यायचा आहे.

फरकही सांगितला पाहिजे, नाहीतर तुलना खोटी होते. मदर लँग यांनी चर्च सोडले नाही. त्या चर्चच्या आत राहून, त्याच्या आज्ञा पाळत लढल्या. जोतीरावांनी सार्वजनिक सत्यधर्म मांडला आणि बाबासाहेबांनी धम्माचा मार्ग घेतला. ज्या धर्माच्या पायातच विषमता आहे त्यात राहून सुधारणा होत नाही, हा आपला अनुभव. कॅथलिक चर्च आपल्याकडेही जातीपासून मुक्त नाही. गोव्यात चर्चच्या कॉन्फ्रारियासुद्धा जातीनुसार वेगळ्या राहिल्या. भारतातल्या दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांनी तर स्पष्ट लिहून ठेवले आहे की मिशनऱ्यांच्या शिक्षणसंस्थांचा फायदा अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्यांपेक्षा वरच्या जातींनी जास्त घेतला.

आजचे चित्र काय आहे? वस्तीतला रिक्षावाला बाप मुलीच्या प्रवेशासाठी कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर रांगेत उभा असतो. त्याला इंग्रजी हवे, शिस्त हवी, मुलीची सुरक्षितता हवी. त्याचे काहीच चुकत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. म्हणजे वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागांचे बंधन त्यांच्यावर नाही. काही शाळा आपणहून गरीब मुलींना घेतात, त्यांचे आभार. पण आपणहून दिलेली जागा ही मेहेरबानी असते आणि कायद्याने मिळालेली जागा हा हक्क असतो. बाबासाहेबांच्या लेकरांनी या दोहोंतला फरक विसरू नये.

आणि आता आमच्याच समाजाला प्रश्न. राज्यघटनेचे अनुच्छेद ३० फक्त ख्रिस्ती समाजासाठी नाही. १९९३ पासून बौद्ध हे केंद्र सरकारने अधिसूचित केलेले अल्पसंख्याक आहेत. स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा मूलभूत अधिकार आपल्यालाही आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. ते कोणाच्या दानपेटीकडे पाहत बसले नाहीत. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत आपण मुलींच्या किती शाळा काढल्या? वर्गणी काढायला आपण कमी नाही. जयंतीच्या डीजेला, कमानीला, बॅनरला पैसा जमतो. त्याच वस्तीतल्या विहारात संध्याकाळची अभ्यासिका मात्र दिव्याच्या बिलासाठी बंद पडते.

लगेच हायस्कूल काढा असे आम्ही म्हणत नाही. मदर लँग यांनीही हायस्कूल काढले नव्हते. दोन मैत्रिणींनी घरात दहा वर्षे वर्ग घेतले होते, आणि शाळा उघडली तेव्हा मुली होत्या वीस. आपल्या प्रत्येक विहारात वीस मुली नक्की आहेत. त्यांना शिकवू शकतील अशा दोन शिकलेल्या बायाही प्रत्येक वस्तीत आहेत. विहाराची खोली, दोन बाया, वीस मुली, आणि दर महिन्याला प्रत्येक घरातून थोडी पण न चुकणारी वर्गणी. इतक्यापासून सुरुवात होते. उद्या त्याची शाळा झालीच, तर अल्पसंख्याक दर्जाच्या आड लपून २५ टक्के जागा टाळायच्या नाहीत. मातंग, चर्मकार, भटके, आदिवासी, मुस्लिम, जी मुलगी दारात येईल तिला आत घ्यायचे. नाहीतर श्रेणीबद्ध विषमतेची आणखी एक पायरी आपणच बांधली असे होईल.

मुलीला कुठल्या शाळेत घालायचे ते प्रत्येक आई-बापाने ठरवावे. कॉन्व्हेंट मिळाले तर जरूर घालावे, तिथे ताठ मानेने बसायला शिकवावे. पण समाज म्हणून आपला प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या शाळेत आपल्याला किती जागा मिळतात, हे मोजत आपण आणखी किती पिढ्या घालवणार? शिका हा बाबासाहेबांचा आदेश आपण पाठ केला. शिकवा, हे त्याच आदेशाचे दुसरे अर्धे आहे. ते आता हाती घेऊ या.

जय भीम!